डोंगराच्या अंगणात

युरोप खंडाच्या उत्तर टोकाशी नॉर्वे हा देश आहे. या देशात सपाट भूमी थोडी आणि डोंगर फार. शेतीखालील जमीन तर शंभरात तीन भाग एवढीच भरते. पश्चिमेकडे समुद्राचे निमुळते फाटे डोंगरांच्या कुशीत खोलवर शिरले आहेत. त्यांच्यामागे विस्तीर्ण पठारे पसरली आहेत आणि पठारांच्याही वर बर्फाच्छादित शिखरे उभी आहेत. त्यांपैकी सर्वांत उंच शिखर २,४६९ मीटर उंचीचे आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच आहे, यावरून त्याची कल्पना येईल.

नॉर्वेची लोकसंख्या सुमारे पंचावन्न लाख. एवढ्या लहानशा देशात सुट्टीत राहण्यासाठी बांधलेली घरे मात्र चार लाखांहून अधिक आहेत. अशा घराला तेथील भाषेत ‘ह्युत्त’ म्हणतात. काही ह्युत्त समुद्रकाठी असतात, तर पुष्कळशी डोंगरात असतात. जुन्या पद्धतीचे ह्युत्त ओंडक्यांचे असते. त्याच्या छपरावर भूर्जवृक्षाची साल अंथरून तिच्यावर माती आणि गवताचे थर घालतात. सालीमुळे पाणी आत झिरपत नाही आणि गवतामुळे ऊब टिकते. उन्हाळ्यात अशा छपरावर रानफुले डोलताना दिसतात!

आत एकदोन खोल्या, भिंतीला लागून फळ्यांचे पलंग आणि मधोमध बिडाची शेगडी. जुन्या घरांत विजेचे दिवे नसत आणि नळही नसे. अशी घरे आजही अनेक आहेत. पाणी ओढ्यावरून आणावे लागते. हिवाळ्यात ओढा गोठला, म्हणजे भांड्यात बर्फ घालून ते शेगडीवर वितळवावे लागते. कोणी लाकडे फोडतो, कोणी पाणी आणतो, कोणी दारापुढील बर्फ फावड्याने दूर करतो. घरातील लहान मुलांनाही वाटून दिलेली कामे असतात. घर असे लहान असले, तरी त्याचे अंगण मात्र फार मोठे असते. कारण समोरचा सारा डोंगर हेच त्याचे अंगण! आणि हे अंगण वर्षाच्या प्रत्येक ऋतूत निराळे रूप धारण करते.

हिवाळ्यात हे अंगण शुभ्र असते. डिसेंबर महिन्यात दक्षिण नॉर्वेतही सूर्य दिवसातून जेमतेम सहा तास दिसतो. परंतु काळोख आणि थंडी यांना भिऊन तेथील माणसे घरात बसून राहत नाहीत. पायांना स्की बांधून ती बाहेर पडतात. स्की म्हणजे टोकाशी वर वळलेल्या लांब, अरुंद पट्ट्या. पूर्वी त्या लाकडाच्या असत. मऊ बर्फात नुसता पाय टाकला, तर तो गुडघ्यापर्यंत रुतेल. परंतु स्कीमुळे शरीराचा भार मोठ्या जागेवर विभागला जातो आणि माणूस बर्फावरून सहज सरकत जातो. हजारो वर्षांपासून तेथील लोक स्की वापरीत आले आहेत. नॉर्वेचे मूल पायांत स्की घालूनच जन्मते, असे त्या देशात गमतीने म्हणतात.

गोठलेल्या सरोवरावर मासे पकडणे हाही हिवाळ्यातील आवडता उद्योग होय. मोठ्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात आणि रेनडिअरच्या कातड्यावर बसून माशाची वाट पाहतात. मात्र त्याआधी बर्फाची जाडी मोजून घ्यावी लागते. एका माणसाचा भार पेलण्यास कठीण बर्फाचा निदान दहा सेंटीमीटरांचा थर हवा. जेथे ओढा सरोवरास मिळतो, तेथे खालचे पाणी वाहते असल्याने बर्फ पातळ राहतो. वरून सर्वत्र सारखाच शुभ्र दिसणारा बर्फ सर्वत्र सारखाच बळकट नसतो, हे तेथील मुले लवकर शिकतात.

मार्च-एप्रिलमध्ये ईस्टरचा सण येतो. तोपर्यंत दिवस मोठे झालेले असतात; पण डोंगरांवर बर्फ अजून भरपूर असते. शाळांना सुट्टी लागते आणि कुटुंबेच्या कुटुंबे पाठीवर पिशव्या बांधून डोंगराकडे निघतात. पिशवीत संत्री आणि चॉकलेट असायचेच! दुपारी बर्फात खळगा करून, उन्हाकडे तोंड करून बसावे आणि संत्री सोलून खावीत, यासारखी दुसरी मौज नाही, असे त्यांना वाटते.

परंतु डोंगराचे हे हसरे रूप घटकेत पालटते. निरभ्र आकाश पाहून निघालेल्या माणसाला तासाभरात वादळ गाठते. वारा बर्फाचा भुगा उडवू लागला, म्हणजे आकाश कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, हेही कळत नाही. १९६७ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत अठरा माणसे मृत्युमुखी पडली. साऱ्या देशाला हळहळ वाटली. डोंगरात कसे वागावे, याचे काही नियम १९५२ सालीच तयार झाले होते. १९६७ च्या आपत्तीनंतर त्यांचा घरोघरी प्रचार करण्यात आला. २०१६ साली त्यांत काळानुरूप सुधारणा झाली. हे नियम एकंदर नऊ आहेत. सहलीचा बेत आधी आखावा आणि आपण कोठे जाणार, हे इतरांस सांगून ठेवावे. हवामानाचा आणि हिमकडे कोसळण्याचा इशारा ध्यानात घ्यावा. सहल लहान असली, तरी वादळाची आणि थंडीची तयारी ठेवावी. नकाशा आणि होकायंत्र वापरावे. शक्ती राखून ठेवावी आणि गरज पडल्यास आसरा शोधावा, असे ते नियम सांगतात. पण त्या सर्वांत लोकांच्या तोंडी बसलेला नियम आठवा आहे. वेळीच मागे फिरावे. मागे फिरण्यात लाज नाही, असे तो सांगतो.

मागे फिरण्यात लाज नाही, हे सांगण्यासाठी नियम कशाला हवा? पण तो हवा. कारण शिखर समोर दिसत असताना आणि सोबती पुढे चालले असताना ‘आता परत जाऊ’ हे शब्द ओठांवर येणे फार कठीण असते. रोआल आमुंडसेन याचीच गोष्ट पाहावी. दक्षिण नॉर्वेत हार्डांगरविद्दा नावाचे विस्तीर्ण पठार आहे. १८९६ सालच्या हिवाळ्यात तरुण आमुंडसेन आपला भाऊ लेऑन याच्यासह स्कीवरून ते ओलांडण्यास निघाला. वादळाने दोघांना गाठले. पठाराच्या पलीकडील वस्ती काही केल्या सापडेना. एका रात्री आमुंडसेन बर्फात खळगा करून झोपला. पहाटेपर्यंत त्याच्या भोवतीचा ओला बर्फ दगडासारखा गोठला आणि त्याला हातपायही हलविता येईनात. भावाने खणून बाहेर काढले, म्हणूनच तो वाचला. पठार ओलांडण्याचा बेत सोडून दोघांना परतावे लागले. हाच आमुंडसेन पुढे १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचणारा पहिला वीर ठरला. घराजवळच्या पठाराने शिकविलेला धडा त्याने वाया जाऊ दिला नाही. ध्रुवाच्या मोहिमेत त्याने लहानसहान गोष्टींचीही कसून तयारी केली होती. एवढेच नव्हे, तर १९११ च्या सप्टेंबरात घाईने केलेली पहिली कूच कडाक्याच्या थंडीमुळे सोडून तो तळावर परत आला होता आणि ऑक्टोबरात पुन्हा निघाला होता. जो मागे फिरतो, तोच पुन्हा निघू शकतो.

जून-जुलैमध्ये बर्फ वितळू लागते, ओढे दुथडी भरून वाहतात आणि डोंगर हिरवा होतो. रात्री दहा वाजतादेखील बाहेर चांगला उजेड असतो. आता स्की खुंटीला टांगून लोक पायी भटकू लागतात. दगडांच्या राशींवर तांबड्या रंगाने रोमन लिपीतील ‘टी’ हे अक्षर रंगविलेले असते; त्याच्या आधारे वाट शोधावयाची. योटुनहाइमेन या डोंगराळ प्रदेशात बेसेग्गेन नावाची एक अरुंद धार आहे. तिच्या एका बाजूस निळ्या पाण्याचे सरोवर आणि दुसऱ्या बाजूस त्याहून सुमारे चारशे मीटर खाली हिरव्या पाण्याचे दुसरे सरोवर! हिमनद्या खडक घासत येतात आणि त्या खडकांची बारीक पूड खालच्या सरोवरात मिसळते, म्हणून त्याचे पाणी हिरवे दिसते.

या भटकंतीला वाटेतील जमीन कोणाच्या मालकीची आहे, याची अडचण येत नाही. ओसाड माळ, रान आणि डोंगर यांतून कोणासही पायी जाता यावे, ही तेथील फार जुनी रीत होय. १९५७ साली तिला कायद्याचा आधार मिळाला. तंबू ठोकून राहण्याचीही मोकळीक आहे. परंतु तो कोणाच्या घरापासून निदान १५० मीटर दूर असावा. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात परवानगीवाचून रानात विस्तव पेटविण्यास बंदी आहे. हक्क मोठा आहे, म्हणून जबाबदारीही मोठी आहे.

ऑगस्टमध्ये दलदलीच्या जागी ‘मुल्ते’ नावाची फळे पिकतात. एका देठावर एकच फळ. कच्चे असताना लाल आणि पिकल्यावर मधासारखे सोनेरी! मुल्ते भरपूर मिळण्याची जागा सापडली, तर घरातील माणसे ती कोणास सांगत नाहीत. सप्टेंबरात भूर्जाची पाने पिवळी होतात. उन्हाळाभर डोंगरावर मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या हाकून खाली आणण्याची धांदल उडते. पुन्हा एकदा शिखरे पांढरी दिसू लागतात आणि वर्षाचे चक्र पूर्ण होते.

स्वतःचे ह्युत्त नसलेल्यांनाही डोंगर पारखा नाही. १८६८ साली स्थापन झालेल्या नॉर्वेच्या पर्यटन संघाची पाचशेहून अधिक घरे डोंगरांत विखुरलेली आहेत. त्यांपैकी कित्येक घरांत राखणदार नसतो. संघाच्या सभासदाजवळ किल्ली असते. तो दार उघडतो, शेगडी पेटवितो, कपाटातील डबे घेऊन जेवण करतो आणि जे वापरले, त्याचा हिशेब स्वतःच मांडून पैसे भरतो. तपासायला तेथे कोणी नसते. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी तो जमीन झाडतो, राख काढून टाकतो आणि लाकडे फोडून शेगडीजवळ रचून ठेवतो.

ही लाकडे त्याच्यासाठी नसतात. ती पुढच्या वाटसरूसाठी असतात. तो कोण असेल, हे ठाऊक नसते. कदाचित शिखरावर जाऊन आलेला कोणी असेल. कदाचित वादळ पाहून अर्ध्या वाटेतून शहाणपणाने मागे फिरलेला आणि थंडीने काकडलेला कोणी मुलगा असेल. त्याने दार उघडले, म्हणजे कोरडी लाकडे त्याची वाट पाहत असतील. मागे फिरणाऱ्याला ऊब देणारे असे एखादे घर असते, म्हणूनच डोंगराचे अंगण बारा महिने खुले राहते.

स्वाध्याय

१. ह्युत्तच्या छपरावर भूर्जवृक्षाची साल आणि गवत का घालतात?
२. स्कीमुळे माणूस बर्फात का रुतत नाही?
३. आमुंडसेन हार्डांगरविद्दा पठारावरून कोणता धडा शिकला? त्याचा त्याला पुढे कसा उपयोग झाला?
४. ‘हक्क मोठा आहे, म्हणून जबाबदारीही मोठी आहे.’ हे वाक्य पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
५. वेळीच मागे फिरण्यात शहाणपण होते, असा एखादा प्रसंग घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.