आखूड नावाची पूर्ण ओळख

पोस्टाने आलेल्या पत्रावर ‘मु. पो. पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना’ असा पत्ता असतो. ‘मु.’ म्हणजे मुक्काम, ‘पो.’ म्हणजे पोस्ट, ‘ता.’ म्हणजे तालुका आणि ‘जि.’ म्हणजे जिल्हा, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे पत्र बिनचूक पोहोचते. ही युक्ती आपल्या पूर्वजांनाही अवगत होती. मोडी लिपीतील जुन्या कागदपत्रांत ‘मुक्काम’ या शब्दाऐवजी ‘मु॥’ एवढेच लिहीत. कागद व वेळ वाचावा म्हणून माणसाने शब्द आखूड केले. परंतु आखूड केलेला शब्द ज्याला उलगडता येत नाही, त्याच्यापुढे तो कोडे होऊन बसतो. संगणकासमोर बसणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांची स्थिती अशीच होते.

संगणकातील प्रत्येक फाइलीलाही पत्ता असतो. त्यास ‘पथ’ म्हणतात. पत्रावरील पत्ता गावापासून निघून जिल्ह्यापर्यंत जातो. फाइलीचा पथ याच्या उलट, मोठ्याकडून लहानाकडे येतो. प्रथम साठवणीच्या विभागाचे अक्षर, मग फोल्डर, त्याच्या आतील फोल्डर आणि शेवटी फाइलीचे नाव, असा हा क्रम असतो. विंडोज प्रणालीत दोन नावांच्या मध्ये एक उलटी तिरपी रेघ घालतात. जिल्हा, तालुका, गाव आणि घर अशा पायऱ्या उतरत जावे, तसेच हे असते.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्यावरील डॉस प्रणालीत फाइलीचे नाव ८ अक्षरांहून मोठे ठेवता येत नसे. टिंब देऊन फाइलीचा प्रकार सांगणारी आणखी ३ अक्षरे तेवढी चालत. याचे कारण असे, की त्या काळी साठवणीची जागा थोडी आणि महाग होती. यादीतील प्रत्येक फाइलीच्या नोंदीस ३२ बाइट जागा मिळे व तीतील अवघे ११ बाइट नावासाठी राखलेले असत.

१९९५ मध्ये विंडोज ९५ ही प्रणाली आली आणि २५५ अक्षरांपर्यंत लांब नाव देण्याची सोय झाली. परंतु जुन्या प्रोग्रामांना लांब नावे वाचता येईनात. त्यांची अडचण दूर व्हावी म्हणून प्रणाली प्रत्येक लांब नावासोबत एक आखूड नावही तयार करू लागली. त्याची रीत सोपी आहे. नावातील मोकळ्या जागा गाळून पहिली ६ रोमन अक्षरे घ्यावयाची, त्यांपुढे एक नागमोडी रेघ काढावयाची आणि नंतर अंक लिहावयाचा. म्हणून ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डराचे आखूड नाव ‘प्रोग्रा~१’ असे होते. विंडोज प्रणालीच्या मुख्य विभागात अशी नावे आजही बहुधा आढळतात.

आता यातील धोका पाहा. भोकरदन तालुक्यातील एका शाळेतील मुले दोन गावांची माहिती गोळा करीत आहेत, असे समजा. नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत येथील बाजाराची फाइल त्यांनी आधी तयार केली. मग पिंपळगाव रेणुकाई येथील विहिरींच्या पाण्याची मोजमापे महिनाभर घेऊन दुसरी फाइल तयार केली. दोन्ही नावांची पहिली ६ रोमन अक्षरे एकच! तेव्हा जुन्या प्रोग्रामाच्या यादीत ती ‘पिंपल~१’ आणि ‘पिंपल~२’ अशी दिसतील. दुसरी फाइल ही पहिलीचीच नक्कल आहे, असे मानून एखाद्याने ती पुसून टाकली, तर महिनाभराची मेहनत क्षणात नाहीशी होईल.

जालना रेल्वे स्थानकाचे सांकेतिक नाव ‘जे’ हे एकच अक्षर आहे. ते रेल्वेच्या कोष्टकात जालन्यासाठीच नेमून दिलेले आहे. ‘~१’ आणि ‘~२’ हे अंक मात्र तसे नेमलेले नसतात; जी फाइल आधी आली, तिला १ मिळतो. त्याच फाइली दुसऱ्या क्रमाने अन्यत्र नेल्या, तर अंकांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून आखूड नावावर विसंबून काहीही पुसू नये. विंडोजच्या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत ‘डीआयआर’ ही आज्ञा लिहून, जागा सोडून, तिरपी रेघ व ‘एक्स’ हे अक्षर लिहिले, म्हणजे आखूड व पूर्ण अशी दोन्ही नावे शेजारी शेजारी दिसतात.

संगणकाने दिलेले चुकीचे संदेशही असेच उलगडून वाचावे लागतात. विंडोजमध्ये अशा संदेशांना क्रमांक आहेत. क्रमांक २ म्हणजे फाइल सापडली नाही. पोस्टमन गावात पोहोचला, पण त्या नावाचे घर तेथे नाही. क्रमांक ३ म्हणजे पथच सापडला नाही. पत्त्यातील तालुका किंवा गावच चुकले आहे. क्रमांक ५ म्हणजे प्रवेशास परवानगी नाही. घर सापडले, पण दार उघडण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिन्ही वेळी फाइल उघडत नाही, पण तिन्हींवरील उपाय वेगळे आहेत. पहिल्यात नाव तपासावे, दुसऱ्यात वाटेतील प्रत्येक फोल्डर तपासावा आणि तिसऱ्यात अधिकारी व्यक्तीस विचारावे.

काही संदेश तर विनाकारण भीती घालतात. विंडोज ९५ मध्ये ‘या प्रोग्रामाने बेकायदा कृती केली आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येई. तो वाचून आपल्या हातून गुन्हा घडला, असे नवख्या माणसास वाटावे! वास्तविक प्रोग्रामाने यंत्राच्या नियमात न बसणारे काम करू पाहिले, एवढाच त्याचा अर्थ होता. दोष संगणकापुढे बसलेल्या माणसाला दिलेला नव्हता.

म्हणून पडद्यावर संदेश येताच घाईने बटण दाबून तो घालवू नये. त्यातील शब्द व क्रमांक जसेच्या तसे वहीत उतरून घ्यावेत. काय मागितले, कोठे मागितले आणि काय मिळाले नाही, हे तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. एवढे केल्यावर बहुतेक कोडी आपोआप सुटतात. आणि न सुटल्यास जाणत्या माणसास नेमके काय विचारावे, हे तरी निश्चित कळते.

स्वाध्याय
१. पत्रावरील पत्ता आणि फाइलीचा पथ यांत कोणते साम्य व कोणता भेद आहे?
२. डॉस प्रणालीत फाइलींची नावे आखूड का ठेवावी लागत?
३. ‘जे’ आणि ‘पिंपल~१’ या दोन आखूड नावांपैकी अधिक भरवशाचे कोणते? कारण सांगा.
४. आपल्या घराचा पूर्ण पत्ता फाइलीच्या पथाप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे लिहा.