जीवोत्पत्ती, क्षार आणि आपले शास्त्र

पोखर्णीस श्रीनृसिंहाच्या दर्शनाला येणारा भाविक खांबातून प्रकटलेल्या देवाची कथा श्रद्धेने ऐकतो. अचेतनातून चेतन कसे उपजले, हा प्रश्न मात्र रसायनशास्त्रालाही पडलेला आहे. रुग्ण तो आपल्यालाही विचारतात. म्हणून हा अल्प विचार.

१८२८ साली वोलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया बनविला. सजीवांतील द्रव्य घडण्यास निराळी प्राणशक्ती लागते, या समजुतीस त्यामुळे तडा गेला. १९५३ मध्ये मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व वाफ यांत विद्युत्‌ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळविली. परंतु अमिनो आम्ल म्हणजे जीव नव्हे.

पुढची अडचण फॉस्फेटची. जनुकद्रव्यास ते अनिवार्य. पण सामान्य पाण्यात कॅल्शियम त्यास बांधून ठेवते. २०२० मध्ये टोनर व कॅटलिंग यांनी दाखविले की कार्बोनेटयुक्त सरोवरांत कार्बोनेटच कॅल्शियमला बांधते आणि फॉस्फेट मोकळे राहते. त्यांच्या विवेचनात आपले लोणारही आहे. लोणारच्या पाण्यातील सोडियम कार्बोनेट म्हणजे आपल्या परिचयाचा सर्जिक्षारच होय. जीव लोणारला जन्मला, असा याचा अर्थ नाही. हे विवर पृथ्वीच्या वयाच्या मानाने अगदी अलीकडचे. आदिम सरोवरांचा तो केवळ नमुना. विष्णूने तेथे लवणासुराचा वध केला ही कथा दैत्यसूदन मंदिराशी निगडित आहे. विवर उल्कापाताने झाले, हे भूशास्त्र सांगते. पहिली त्या स्थानाचे पावित्र्य सांगते, दुसरे त्याची घडण.

चरकाचार्य शरीर, इंद्रिये, सत्त्व व आत्मा यांच्या संयोगास आयु म्हणतात, आणि सेंद्रिय द्रव्यास चेतन मानतात. शारीरस्थानातील गर्भविचार हा व्यक्तीच्या जन्माचा आहे, पृथ्वीवरील आद्य जीवाचा नव्हे. म्हणून 'हे सारे संहितेत आधीच आहे' असे म्हणणे संहितेवरच अन्याय करणारे ठरते. तसेच प्रयोगशाळेत आत्मा सापडला नाही म्हणून तो नाही, असा निष्कर्षही प्रयोगातून निघत नाही. तो प्रश्नच त्या प्रयोगाचा नव्हता.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. 'यात रसायन नाही' असे सांगून औषध विकू नये. अपामार्ग जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून व आटवून आपण जो क्षार काढतो, ती रासायनिक क्रियाच आहे. प्रश्न रसायन असण्याचा नसून मात्रा, शुद्धी व योग्य रुग्ण यांचा आहे. तेवढे खरे सांगितले, तर श्रद्धाही टिकते आणि शास्त्रही.