शंभर बारचं पाणी

आमच्या रत्नागिरीकडे पावसाळा ओसरला की चिऱ्याच्या गडग्यावर, अंगणात, विहिरीकडे उतरणाऱ्या पाखाडीवर शेवाळाचा थर बसलेला असतो. त्यावरून म्हातारी माणसं घसरतात, हाडं मोडून घेतात. म्हणून हल्ली बऱ्याच घरांत प्रेशर वॉशर आला आहे. मीही तो वापरतो आणि इतरांनी वापरावा असंच म्हणेन. पण नवीन यंत्र घेणाऱ्याला मी आधी माझ्या मेव्हण्याच्या पायाबद्दल सांगतो.

तो स्लिपर घालून पाखाडी धूत होता. पायाला लागलेला चिखल काढायला त्याने फवारा क्षणभर पायावर घेतला. अंगठ्याजवळ टाचणी टोचल्याएवढं भोक पडलं, रक्त जेमतेम थेंबभर. हळद दाबून तो जेवायला बसला. संध्याकाळपर्यंत पाऊल टरारलं, रात्री ठणका सहन होईना, आणि शेवटी शस्त्रक्रिया करून आतली घाण काढावी लागली. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार दाब असतो. घरगुती वॉशरचा दाब १०० ते १३० बारपर्यंत जातो, आणि कातडी भेदायला सात बारच्या आसपासचा दाबही पुरतो. पाणी आत शिरतं ते माती आणि जंतू घेऊनच, आणि वरच्या भोकावरून आतली इजा कळत नाही. अशी जखम झाली तर दुखण्याची वाट बघू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी परतू नका. त्याच तासाला सर्जन असलेल्या दवाखान्यात जा, काही खाऊ-पिऊ नका आणि ‘जोराच्या फवाऱ्याने पाणी आत गेलंय’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. काम करताना पायात बंद बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवा, कारण खडे उडतात. बूट घातला तरी फवारा पायावर घ्यायचा नाही. मुलं आणि कुत्री अंगणाबाहेर ठेवा.

आता बिघाडाबद्दल. ‘यंत्र धापा टाकतंय, जोर येतो-जातो’ ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसून पाण्याचा असतो. हे पंप मिनिटाला सहा-सात लिटर पाणी मागतात. गच्चीवरची टाकी नळापेक्षा चार मीटर उंच असली तरी दाब ०.४ बारच मिळतो, त्यात लांब, बारीक पाइप जोडला की पाणी पुरत नाही. बादली लावून बघा: दहा लिटरची बादली मिनिटभरात भरली तर ठीक. नाही भरली तर पाइप आखूड आणि जाड घ्या, किंवा यंत्राला पाणी खेचता येत असेल तर ड्रम भरून यंत्राच्या पातळीला किंवा वर ठेवा. मग पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढून धुवा. बोअरच्या पाण्याची रेती तिथेच अडकते. एवढं झाल्यावर यंत्र बंद असतानाच नळ सोडा आणि नोझल काढून ट्रिगर दाबून धरा. फुसफुसणारी हवा निघून एकसंध धार आली की मगच बटण लावा. नोझल तुंबलं असेल तर यंत्र बंद करून, दाब सोडून, पिनेने भोक मोकळं करा.

ट्रिगर सोडल्यावरही मोटर अधूनमधून आपोआप सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. जोडांतले रबरी ओ-रिंग आधी तपासा. ते स्वस्तात बदलता येतात. मोटर नुसती घुमते आणि फिरत नाही, तेव्हा बहुधा व्होल्टेज कमी असतं किंवा एक्स्टेंशनची वायर बारीक असते. वायर गुंडाळलेली ठेवू नका, तापते. वॉशरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) हवाच; ओल्या जागी विजेचं काम आहे.

चिऱ्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र, मऊ दगड. त्यावर एकाच जागी रोखलेली बारीक धार दगड कोरते आणि दरजांमधला चुना-सिमेंट उडवते. रुंद पंख्यासारखा पसरणारा फवारा घ्या, हातभर अंतर ठेवा, आधी कोपऱ्यात करून बघा. चुन्याच्या जुन्या भिंतींवर यंत्र वापरूच नये. तिथे खराटाच बरा. ब्लीचिंग पावडरचं पाणी पंपातून सोडू नका, सील खराब होतात. हवं तर शेवाळावर हाताने शिंपडून घासा आणि नंतर साध्या पाण्याने धुवा. स्कूटरच्या बेअरिंगवर आणि एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पत्र्यांवर फवारा जवळून मारू नका.

काम संपलं की बटण बंद, नळ बंद, आणि मग ट्रिगर दाबून अडकलेला दाब सोडा. पाइप त्यानंतरच काढायचा, कारण बंद यंत्राच्या पाइपातही तेवढंच जोराचं पाणी थांबलेलं असतं.