उरलेले औषध जाते कुठे?



सुट्टीनंतर भारतातून परतताना आपल्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी औषधांची एक पिशवी असतेच. तापाच्या गोळ्या, खोकल्याचे औषध, आजीने आग्रहाने दिलेले मलम. पुढे कपाट आवरताना त्यातले निम्मे मुदत संपलेले निघते. आमच्या घरी अनेक वर्षे एकच रीत होती: पातळ औषध बेसिनमध्ये ओतायचे, गोळ्या संडासात टाकून पाणी सोडायचे. लहान मुलांच्या हाती लागू नये, हा हेतू चांगला होता. रीत मात्र चुकीची होती. का, ते पाहू.

पाण्याचा प्रवास

आम्ही आइंडहोव्हनला राहतो. येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जाते. तेथे सूक्ष्म जंतू घाण खाऊन टाकतात, पण औषधांतील अनेक रसायने त्यांना पुरती पचत नाहीत. ती डॉमेल नदीत उतरतात. डेन बॉसला डॉमेल आणि आ या नद्या मिळून डीझ नदी होते आणि ती मास नदीला मिळते. मासचे पाणी बीसबॉसच्या तलावांत साठवतात आणि शुद्ध करून रॉटरडॅमच्या नळांना देतात. म्हणजे आमच्या बेसिनचा शेवट तुमच्या पेल्याजवळ होतो! नळाचे पाणी सुरक्षित असते, घाबरू नका. पण प्रत्येक नवे रसायन हे काम अवघड करते, आणि नदीतल्या माशांसाठी तर कोणी पाणी गाळून देत नाही.

दरवर्षी किमान १४० टन औषधांचे अंश या देशाच्या नद्या-कालव्यांत जातात, असा अंदाज येथील राष्ट्रीय आरोग्य व पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये दिला. त्यातील बहुतेक भाग आजारी माणसांच्या लघवीतून येतो. तो टाळता येत नाही. औषध तर घ्यायलाच हवे. ओतून दिलेला भाग मात्र आपण पूर्ण थांबवू शकतो.

गिधाडांची गोष्ट

डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध बहुतेक घरांत असते: भारतात 'व्होव्हेरान', इथे 'व्होल्तारेन'. भारतात ते गुरांनाही देत. १९९० नंतर गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. कारण २००४ साली कळले: मेलेल्या गुरांच्या मांसातून हे औषध गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडे पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईत मलबार हिलवरील पारशी दोखम्यावरही गिधाडे येईनाशी झाली. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

ही हानी बेसिनमुळे झाली नव्हती. पण धडा तोच आहे: आपले काम झाले म्हणून औषधाचे काम संपत नाही. हेच डायक्लोफिनॅक युरोपच्या नद्यांत सापडते, आणि त्याने माशांच्या मूत्रपिंडांना व कल्ल्यांना इजा होते, असे प्रयोगांत दिसले आहे.

मग काय करावे?

१. नको असलेली औषधे आपोतेकात किंवा नगरपालिकेच्या मिल्यूस्ट्राटला द्यावीत. पातळ औषध बाटलीसकट द्यावे. ती औषधे जाळून नष्ट करतात.
२. कागदी खोका रद्दी कागदात टाकावा. त्यावरचे आपले नाव आधी खोडावे.
३. इंजेक्शनच्या सुया वेगळ्या, टणक डब्यात ठेवाव्यात.
४. वेदनाशामक जेल लावल्यावर हात आधी कागदाने पुसावेत, कागद कचऱ्यात टाकावा, मग हात धुवावेत.
५. उरलेले अँटिबायोटिक 'पुढच्या वेळेसाठी' ठेवू नये, पाहुण्यांनाही देऊ नये.
६. भारतातून लागेल तेवढेच औषध आणावे. आजीला प्रेमाने समजवावे!

शब्दार्थ

मुदत – ठरलेला काळ
सांडपाणी – वापरून झालेले पाणी
कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव
मूत्रपिंड – रक्त गाळणारा अवयव. डचमध्ये याला 'नीर' म्हणतात. मराठीत 'नीर' म्हणजे पाणी!

स्वाध्याय

१. नकाशात डॉमेलपासून रॉटरडॅमपर्यंत पाण्याची वाट रंगवा.
२. आजी-आजोबांना फोनवर विचारा: तुम्ही लहानपणी गिधाडे कुठे पाहिली होती? उत्तर पाच ओळींत लिहा.
३. आईबाबांबरोबर औषधांची पेटी तपासा. मुदत संपलेली किती निघाली, ते पुढच्या वर्गात सांगा. आमच्या पेटीत अकरा निघाली.