गाव, शहर की परदेश : नांदगाव तालुक्यातील एक हिशेब

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेस असलेला नांदगाव तालुका अवर्षणप्रवण आहे. गिरणा धरण याच तालुक्यात उभे आहे. तथापि त्याच्या सिंचनाचा मोठा लाभ खालच्या अंगास जळगाव जिल्ह्याला मिळतो. साहजिकच शिक्षण संपताच येथील तरुणापुढे प्रश्न उभा राहतो, तो राहावे कोठे व काम कोठे करावे हा. लोहमार्ग दारातूनच जात असल्याने बाहेर पडणे येथे कधीच अवघड नव्हते. तालुक्यातील मनमाड जंक्शन मुंबईपासून रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर अंतरावर आहे आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या पंचवटी एक्सप्रेसमुळे मुंबईतील काम उरकून त्याच दिवशी परतणेही शक्य झाले.

गावी राहणे म्हणजे सुरक्षितता व बाहेर जाणे म्हणजे साहस, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती आता टिकणारी नाही. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवणारा शेतकरी गाव सोडत नसला, तरी त्याचा माल दुबई, कोलंबो व क्वालालंपूरच्या बाजारांशी जोडलेला असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली व मे २०२४ मध्ये ती किमान मूल्याच्या अटीवर खुली केली. शिल्लक राहिलेले २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. ग्राहकास महागाईची झळ लागू नये हा त्यामागील हेतू होता. परंतु चाळीतील मालाच्या भावावर त्या त्या वेळी परिणाम झाला, हेही तितकेच खरे. म्हणजे जागतिक बाजारातील चढउतार घरी बसलेल्यालाही चुकत नाहीत.

दुसरी चूक वेतनाच्या आकड्याविषयी होते. उदाहरणादाखल, नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत एखाद्यास दरमहा १८,००० रुपये मिळतात असे धरू. खोलीभाडे ४,५००, खाणावळ ४,०००, प्रवास व गावी येणेजाणे २,०००, इतर खर्च २,५०० रुपये. हाती उरतात ५,०००. तोच तरुण घरी राहून मनमाडला १२,००० रुपयांवर जात असेल आणि प्रवासास १,०००, घरखर्चास २,५०० व इतर गोष्टींस २,००० रुपये देत असेल, तर ६,५०० उरतात. शिवाय कांदा काढणीच्या दिवसांत घरास दोन हात मिळतात, ते वेगळेच. अर्थात नाशिकला हाताशी येणारे कौशल्य पाच वर्षांनी वेतन दुप्पट करणारे असेल, तर हा हिशेब उलटतो. शिक्षकांनी तो विद्यार्थ्यांकडून वहीत मांडून घ्यावा. आकडे अर्थातच ज्याचे त्याने आपले घालावेत.

बाहेरच्या कामाचीही शाश्वती नसते. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला आणि त्यानंतर हजारो कामगारांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. १९९० मध्ये कुवेतवरील आक्रमणानंतर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानाने मायदेशी आणावे लागले. मार्च २०२० मधील टाळेबंदी तर सर्वांच्या स्मरणात आहे. अशा वेळी ज्यांच्या गावातील घराचे छप्पर शाबूत होते व सातबाऱ्यावर नाव होते, त्यांना परतण्यास ठिकाण होते. बाहेर जाणाऱ्याने जमीन विकून प्रवासखर्च उभारणे म्हणूनच धोक्याचे होय.

परदेशी कामाचे मार्ग वाढत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. तेथे परिचारिका असो वा वीजतंत्री, जर्मन भाषेवाचून निभाव लागत नाही आणि ती शिकण्यास कित्येक महिने लागतात. आपल्याकडे मात्र पासपोर्ट आधी निघतो, भाषा मागाहून सुचते!

आखाती देशांकडे जाणाऱ्यांच्या बाबतीत ग्रामपंचायत सदस्यांचा उपयोग अधिक आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना अशा ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये परवानगी घ्यावी लागते. भरती करणारा दलाल नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे केंद्र शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याने घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये व त्यावरील कर इतकी आहे. याहून अधिक मागणारा, पावती न देणारा अथवा पर्यटन व्हिसावर कामास पाठवू म्हणणारा इसम गावात आल्यास, पैसे देण्यापूर्वीच पोलीस ठाण्यास कळवावे.