पंपावर ठपका ठेवण्यापूर्वी

इंजिनाचा विकार लक्षणांवरून ओळखावा हे खरे. परंतु इंधनपंपाच्या बाबतीत एकाच लक्षणावर हक्क सांगणारे दोष इतके असतात, की केवळ लक्षणावर विसंबून केलेल्या इलाजाचा खर्च मालकाच्या माथी बसतो आणि विकार जेथल्या तेथे राहतो.

भर वैशाखात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना, खंबाटकीच्या चढावर माझी पेट्रोलची मोटार आचके देऊ लागे, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग घेईना, अखेर बंद पडे, आणि सावलीत काही वेळ उभी राहिली की पूर्ववत सुरू होई. गॅरेजात थंड इंजिनावर सारेच सुरळीत दिसल्यामुळे तेथे आधी प्लग बदलण्यात आले, मग कॉइल, आणि शेवटी पंप गेल्याचा निकाल देऊन टाकीत नवा पंप बसवण्यात आला. पुढच्याच चढावर तक्रार पुन्हा दाखल झाली.

पुढे वाईच्या एका वयस्क मिस्त्रींनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. प्रेशर गेज इंधनाच्या नळीला जोडून, त्याची लांब नळी बॉनेटखालून बाहेर काढून त्यांनी ते समोरच्या काचेवर बांधले आणि गाडी घाटात घातली. सपाटीवर ३ बारच्या आसपास असलेला दाब चढावर निम्म्यावर आला. येथे पंपास दोषी ठरवणे सोपे होते. परंतु त्यांनी इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावला, तेव्हा बॅटरीवर १४ व्होल्ट असताना पंपापर्यंत जेमतेम ९ पोहोचत असल्याचे दिसले. मागच्या आसनाखाली अर्थिंगच्या तारेचा स्क्रू गंजला होता. तो घासून घट्ट केला आणि तक्रार मिटली. काढून टाकलेला जुना पंप बहुधा निर्दोषच होता, याची खंत मला आजही वाटते.

पद्मिनी-अॅम्बॅसडरच्या काळी पंप इंजिनाला लागून असे, आणि घाटात तो तापून नळीत पेट्रोलची वाफ अडली, की ड्रायव्हर त्यावर ओला फडका टाकीत. आता पंप टाकीत, पेट्रोलमध्येच बुडालेला, विजेवर चालणारा आणि त्याच पेट्रोलने थंड राहणारा असतो. म्हणूनच टाकी नेहमी तळाला जाऊ देणे त्याच्या आयुष्याला बाधक होय.

तपास करणाऱ्याने चावी 'ऑन' करून मागच्या आसनाकडे कान द्यावा. सुमारे दोन सेकंद गुणगुण ऐकू आली नाही, तर प्रथम फ्यूज पाहावा, नंतर रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून खात्री करता येते. आवाज आला म्हणजे दाबही आहे, असे मात्र मुळीच समजू नये. दाब चढावरच पडत असेल तर फिल्टर, टाकीतली जाळी आणि वीजपुरवठा यांची झडती झाल्यावाचून पंपावर निकाल देऊ नये. गरम इंजिन बंद पडूनही दाब कायम असेल, तर संशयाची सुई क्रॅंक सेन्सरकडे वळवावी, कारण तोही तापल्यावर असाच दगा देतो. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ बराच वेळ मारावा लागत असेल, तर दाब राखणारी झडप किंवा गळका इंजेक्टर शोधावा. टाकीच्या तळाला हलकेच ठोकताच मुका पंप चालू झाला, तर मात्र त्याच्या मोटरचे ब्रश झिजल्याचा हा सबळ पुरावा मानावा, आणि पंप बदलण्यास विलंब लावू नये.

नळी उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. दाबाखालचे पेट्रोल तापल्या इंजिनावर उडाले तर प्राणावर बेतते. आणि पंप खरोखरच बदलावा लागला, तर टाकी धुऊन जाळीही नवी घालावी, नाही तर ज्या गाळाने जुना पंप गेला तोच गाळ नव्याच्या वाट्याला येतो.