पाहुण्याच्या हातातला ताजवा
टिकाऊ धंद्याची पारख कशी होते?

कापडाच्या धंद्यात एक जुनी परीक्षा आहे. ताग्याच्या टोकाचा धागा काढून जाळावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख उरली तर सूत. धागा आकसून वितळला आणि कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. ताग्यावरचा छाप काहीही म्हणो, खरे काय ते धागा सांगतो. आपल्या किनाऱ्यावर येणारा पर्यटक आता आपल्या धंद्याचाही असाच धागा काढून पाहू लागला आहे. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनी ही परीक्षा समजून घेणे गरजेचे आहे.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले येथे येणारा पाहुणा जाताना मोबाईलवर तारे देऊन जातो. हे तारे बहुधा खोलीचे, पंख्याचे आणि माशाच्या चवीचे असतात. दहा वर्षांनी विहिरीत गोडे पाणी आणि समुद्रात मासळी राहील का, हे त्यातून कळत नाही. टिकाऊ धंद्याचा अर्थ व्यापाऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. नफा खावा, मुद्दल खाऊ नये. विहीर, समुद्र, माणसे आणि हातातले कसब हे आपल्या किनाऱ्याचे मुद्दल आहे.

नुसत्या 'इको-फ्रेंडली' पाटीवर भुलू नये. पुराव्याशिवाय असे दावे करणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. मग पाहुण्याने काय पाहावे? पाच प्रश्न पुरेसे आहेत.

१) माल कुठला? सावंतवाडीचे म्हणून विकले जाणारे लाकडी खेळणे खरोखर तिथल्या चिताऱ्याच्या हातचे आहे का? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेटीतला आंबा कोणत्या बागेतला, हे विक्रेता सांगू शकतो का?

२) मासळी कोणत्या दिवसांतली? पावसाळ्यात यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असते. त्या काळात 'आजचीच ताजी सुरमई' म्हणणाऱ्याला ती कुठून आली, हे विचारावे. 'आज सुरमई नाही, सुका बांगडा आहे' असे सांगणारा खानावळवाला जास्त गुणांचा धनी आहे. ताटात बोटाएवढी पापलेटे येत असतील तर गुण कापावेत. पिल्ले खाणे म्हणजे मुद्दल खाणे.

३) पैसा कुठे राहतो? कामाला गावचे लोक आहेत का? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या स्त्रिया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. कांदळवन उभे राहिले तरच त्यांचा धंदा राहणार, म्हणून त्या ते जपतात. असा संबंध जिथे दिसेल तिथे पूर्ण गुण द्यावेत.

४) पाणी आणि कचरा कुठे जातो? मे महिन्यात विहिरींचे पाणी खाली जाते, आणि गर्दीही तेव्हाच असते. किनाऱ्याची जमीन वाळूची, त्यामुळे मैला पाण्याचा खड्डा विहिरीजवळ असेल तर घाण विहिरीत झिरपते. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. मागच्या दारी काय जाळले जाते, ते पाहावे.

५) समुद्राशी वागणूक कशी? मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्यात प्रवाळ आहे. होडीवाला प्रवाळावर नांगर टाकतो का? पाहुण्याला प्रवाळावर उभे राहू देतो का? डॉल्फिनच्या मागे होडी पळवतो का?

आता गुण कसे द्यावेत? डोळ्यांनी पाहिले तर दोन, सरळ उत्तर मिळाले तर एक, टाळाटाळ झाली तर शून्य. जो प्रश्न त्या धंद्याला लागू नाही तो सोडून द्यावा. समजा, एका घरगुती खानावळीला मासळी, पैसा आणि पाणी हे तीनच प्रश्न लागू झाले आणि तिला पाच गुण मिळाले, तर ते सहापैकी पाच होत, दहापैकी पाच नव्हेत. असे केले नाही तर सौरदिव्यांचे मोठे हॉटेल नेहमी वर राहील आणि चुलीवर रांधणारी गरीब बाई खाली. अभिप्राय लिहिताना महिना लिहावा, काय पाहिले ते लिहावे. उणीव दिसली तर आधी मालकाला सांगावी. सवलतीच्या बदल्यात दिलेला तारा हा खोटे माप आहे.

या परीक्षेत मी स्वतः नापास झालो आहे. दुकानात आलेल्या एका बाईंनी पंचा हातात घेऊन विचारले, "हातमागाचा आहे का?" मी "हो" म्हणालो. माल मालेगावच्या यंत्रमागावरचा होता. बाईंनी हातमागाची खूण मागितली. सरकारची ही खूण २००६ पासून आहे, मला ठाऊक होती, पण मालावर नव्हती. बाईंनी पंचा नीट घडी करून ठेवला आणि सोबतच्या चार जणांना घेऊन त्या निघून गेल्या. तो दिवस मला फार लागला. मालेगावचा विणकरही आपलाच मेहनती कारागीर आहे. त्याच्या मालाला दुसऱ्याचे नाव देऊन मी गिऱ्हाइकाला तर फसवलेच, पण त्याच्या मेहनतीचाही अपमान केला.

आता फळीवर चिठ्ठी आहे : 'मालेगाव, यंत्रमाग, सुती.' कोणी ती वाचून परत जातो, पुष्कळ जण घेतात, आणि भावावरून घासाघीस पूर्वीपेक्षा कमी होते.

तेव्हा बांधवांनो, पाहुणा विचारेपर्यंत थांबू नका. आज दुकान बंद करण्यापूर्वी हे पाच प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तरे कागदावर लिहा. जे उत्तर पाटीवर लावायला संकोच वाटेल, तिथूनच सुधारणेला सुरुवात करा. ताजवा पाहुण्याच्या हातात गेला आहे; पारड्यात काय टाकायचे, हे अजून आपल्या हातात आहे.